राणीची बाग झाडांसाठी पाहा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईला पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचं, याची एक यादी घरोघरी ठरलेली असते. गेटवे ऑफ इंडिया, चौपाटी, हँगिंग गार्डन, महालक्ष्मी आणि राणीची बाग. पाहुण्यांबरोबर लहान मुलं असली तर राणीच्या बागेचा नंबर पहिला. गावी परतल्यावर मुलं सांगतात, आम्ही वाघ पाहिला, पाणघोडा पाहिला. अलीकडे सांगतात, पेंग्विन पाहिले. आम्ही अमुक एक झाड पाहिलं, असं सांगणारं मूल मात्र सहसा भेटत नाही. यात मुलांचं काही चुकत नाही. आपणच त्यांना बोटाला धरून एका पिंजऱ्यापासून दुसऱ्या पिंजऱ्यापर्यंत नेतो आणि वाघ आत झोपलेला असला की ‘पैसे फुकट गेले’ म्हणून हळहळतो. ज्या झाडाच्या सावलीत उभं राहून आपण हळहळत असतो, ते कदाचित शंभरी ओलांडलेलं असतं आणि त्याच्या जातीची झाडं उभ्या मुंबईत शोधूनही फारशी सापडत नाहीत.

म्हणून आज मी तुम्हाला राणीच्या बागेची सहल घडवणार आहे, पण झाडांच्या वाटेनं. ही बाग मुळात झाडांसाठीच लावली गेली. प्राण्यांचा पसारा नंतर वाढला. तिचं आजचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान आणि प्राणिसंग्रहालय असं आहे. त्यात वनस्पती आधी आणि प्राणी मागाहून, हा क्रम तिच्या इतिहासाशीही जुळतो.

तो इतिहास थोडक्यात सांगतो. १८३० साली मुंबईत ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ नावाची संस्था निघाली. शेती आणि बागाईत यांची सुधारणा हे तिचं काम. संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि संस्थेची बाग भायखळ्याला आली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. नाव ठेवलं ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’. व्हिक्टोरिया म्हणजे राणी आणि गार्डन म्हणजे बाग, तेव्हा लोकांनी सरळ ‘राणीची बाग’ करून टाकलं. पुढे बागेला जिजामातेचं नाव मिळालं, तरी बोलण्यातली राणी काही गेली नाही.

ते दिवस मुंबईच्या भरभराटीचे होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा आला, त्याबरोबर नव्या इमारती, नवे रस्ते आले. त्याच सुमारास गावात एक बाग असावी, जवळ एक वस्तुसंग्रहालय असावं, असं इथल्या जाणत्या लोकांनी मनावर घेतलं. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड ही त्यातली ठळक नावं.

आता अशी बाग लावायची ती कशासाठी? नुसती शोभा हा तिचा हेतू नव्हता. त्या काळी जगभर अशा बागा लावल्या जात होत्या आणि त्यांच्यात रोपांची देवाणघेवाण चालत असे. आफ्रिकेतलं झाड आणायचं, ब्रह्मदेशातलं आणायचं, दक्षिण अमेरिकेतलं आणायचं आणि इथल्या मातीत लावून वाट पाहायची. मुंबईची खारट दमट हवा, चार महिन्यांचा धो धो पाऊस आणि नंतरचे आठ कोरडे महिने हे सगळं त्याला सोसतंय का? सोसलं तर त्याचं लाकूड, फळ, डिंक, औषध कशाच्या उपयोगी पडेल? डॉ. बर्डवुड यांनी मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त पदार्थांची एक जंत्रीच १८६२ साली छापली होती. डॉ. भाऊ दाजी तर स्वतः वैद्यकीचे जाणकार. कुष्ठरोगावर वनस्पतीपासून औषध काढण्याचा त्यांचा प्रयत्न प्रसिद्ध आहे. ही बाग म्हणजे या मंडळींची उघड्यावरची प्रयोगशाळा होती. फरक एवढाच, की इथला प्रयोग हाती यायला पन्नास-शंभर वर्षं लागतात. तो आपल्या वाट्याला तयार होऊन आला आहे.

सुरुवातीला बाग सुमारे ३३ एकरांची होती. १८७३ मध्ये संस्थेचा कारभार आटोपला आणि बाग पालिकेकडे आली. १८९० मध्ये आणखी सुमारे १५ एकर जमीन जोडली गेली आणि प्राण्यांचा भाग वाढला. आज बाग ५० एकरांहून थोडी मोठी आहे. एवढ्या जागेत सुमारे ३,००० झाडं आहेत आणि त्यांच्या जाती २८० हून अधिक. आपल्या गावच्या रानात डोळसपणे हिंडलं, तरी एवढ्या जाती एका दिवसात बघायला मिळणं अवघड. इथे त्या दोन तासांच्या फेरीत भेटतात.

बाग उभी राहिली तेव्हा भायखळा हा मोकळी हवा खाण्याचा, बंगल्यांचा भाग होता. पुढे पन्नास वर्षांत चित्र पालटलं. लालबाग, परळ, चिंचपोकळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि कोकणातून, घाटावरून आलेला कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपू लागला. त्याला सुटीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन जायला ही बाग चालत जाण्याच्या अंतरावर होती. तिथे हिरवळीवर बसता येई, डबा सोडता येई, आडवं होता येई. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, त्यानंतर गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि त्यांच्या जागी टॉवर आले. भोवतीचं सगळं बदललं. बागेतली झाडं मात्र तीच राहिली. गिरणगावच्या चार पिढ्यांनी ज्यांच्या सावलीत बसून शेंगा खाल्ल्या, त्यातली कितीतरी झाडं अजून उभी आहेत.

चला, आता प्रत्यक्ष फेरीला निघू. मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकावर पूर्वेला उतरलं की बाग पायी काही मिनिटांवर आहे. आवाराच्या तोंडाशीच डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाची इमारत आहे. या संग्रहालयाची सुरुवात खरं तर फोर्टातल्या बराकीत झाली. पण १८५७ च्या धामधुमीत बराकी लष्कराला हव्या झाल्या आणि संग्रहाची नासधूस झाली. मग लोकवर्गणीतून भायखळ्याला नवी इमारत बांधायचं ठरलं. १८६२ साली पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडलं. त्याचं मूळ नाव ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचं नाव देण्यात आलं. मधल्या काळात इमारतीची रया गेली होती. २००३ पासून काही वर्षं तिची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली आणि त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

संग्रहालयाजवळच एक दगडी हत्ती उभा आहे. मुलं त्याच्याकडे धावतात, मोठी माणसं फोटो काढतात आणि पुढे जातात. जरा थांबून पाहा. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीज लोक त्या बेटावर उतरले तेव्हा त्यांना हा दिसला आणि त्यावरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलतानाच तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आणले गेले आणि १९१४ साली जोडून हा हत्ती इथे उभा केला. बेटाला ज्याच्यावरून नाव मिळालं तो हत्ती बेटावर नाहीच, तो भायखळ्याला आहे, हे मुलांना सांगितलं तर ती कधी विसरणार नाहीत.

या आवारात आणखी काही पाहुणे येऊन राहिले आहेत. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवरचे इंग्रज राज्यकर्त्यांचे पुतळे काढले गेले, त्यातले बरेच इथे आले. काळा घोडा या भागाला ज्याच्यामुळे नाव पडलं, तो घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ पासून इथे आहे. तिकडे २०१७ साली स्वाराविना नवा काळा घोडा उभा केला, पण मूळचा इथला. आणि राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही इथेच आहे. चापेकर बंधूंनी १८९६ साली ज्याला डांबर फासलं, तो हाच पुतळा.

हे सगळं पाहून झालं की आत वळा आणि पहिलं झाड शोधा ते गोरखचिंचेचं. शोधायला फार त्रास पडत नाही. एवढ्या घेराचं बुंध्याचं झाड दुसरं नाही. दोन-चार माणसांनी हात पसरले तरी कवेत येत नाही. साल करडी, गुळगुळीत, हत्तीच्या कातड्यासारखी सुरकुतलेली. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं, तिथे त्याला बाओबाब म्हणतात. आफ्रिकेबरोबर जुना दर्यावर्दी व्यापार चालत होता, त्याबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर आलं असं मानतात. गोरखनाथांनी या झाडाखाली शिष्यांना उपदेश केला, अशी समजूत आहे, म्हणून गोरख. आणि फळातला गर आंबट, म्हणून चिंच. एरवी आपल्या चिंचेशी याचं काही नातं नाही. याचं पान तळहातावर बोटं पसरावीत तसं असतं आणि शास्त्रीय नावातला ‘डिजिटाटा’ हा शब्दही बोटांवरूनच आला आहे.

एवढा जाडजूड बुंधा असण्याचं कारण पाणी. गोरखचिंचेचं लाकूड मऊ, स्पंजासारखं असतं आणि पावसाळ्यात ते पाणी भरून ठेवतं. कोरड्या दिवसांत झाड पानं गाळून टाकतं आणि साठवलेल्या पाण्यावर राहतं. म्हणून हिवाळ्यानंतर गेलात तर हे झाड निष्पर्ण दिसेल. वाळलं की काय, असं वाटेल, पण ते नुसतं थांबलेलं असतं. पावसाच्या तोंडाशी त्याला पानं फुटतात आणि मोठी पांढरी फुलं लोंबू लागतात. ही फुलं रात्री उमलतात, कारण त्यांचे पाहुणे म्हणजे वटवाघळं. सकाळी झाडाखाली पडलेलं कोमेजलं फूल उचलून नाकाशी धरा. वास आपल्याला आवडेल असा नसतो, पण तो आपल्यासाठी नाहीच.

दुसरं झाड उर्वशीचं. हे ब्रह्मदेशातलं. १८२६-२७ च्या सुमारास सालविन नदीच्या बाजूला एका बौद्ध मठाच्या बागेत ते इंग्रजांच्या नजरेला पडलं आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख वॉलिच यांनी गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ॲमहर्स्ट यांचं नाव त्याला दिलं. रानात हे झाड फार म्हणजे फारच दुर्मिळ आहे. ते टिकलं ते मठांमुळे आणि बागांमुळे. हिवाळा संपता संपता हे झाड फुलतं. लांब देठांना लाल फुलांचे झुंबर खाली लोंबतात, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. आपल्याकडच्या रसिकानं त्याला उर्वशी हे नाव दिलं, ते उगाच नव्हे. फुलं नसतील तर नवी पालवी पाहा. कोवळी पानं तांबूस आणि मलूल, ओल्या फडक्यासारखी खाली लोंबतात. झाड आजारी आहे असं समजू नका. काही दिवसांत तीच पानं हिरवी होतात आणि ताठ उभी राहतात.

अशीच लोंबती तांबूस पालवी सीतेच्या अशोकालाही येते, आणि तो मात्र आपल्या सह्याद्रीतला, घरचा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सोसायट्यांच्या कुंपणालगत जो उंच, सरळसोट, लांब नागमोडी पानांचा ‘अशोक’ आपण लावतो, तो अशोक नव्हे. तो आसुपालव, सीताफळाच्या कुळातला. खरा अशोक फार उंच होत नाही, डेरेदार असतो आणि वसंतात त्याच्या फांद्यांवर केशरी फुलांचे गेंद येतात. फूल जुनं झालं की लाल होतं, त्यामुळे एकाच गुच्छात पिवळसर, केशरी आणि लाल असे तिन्ही रंग दिसतात. काव्यापुराणातला अशोक तो हा.

आता कैलासपतीकडे. याचं फूल फांदीच्या टोकाला न येता थेट बुंध्यातून फुटलेल्या फांद्यांवर येतं. गुलाबी जाड पाकळ्या, आत नागाच्या फणीसारखा वळलेला भाग आणि खाली लहानशी पिंडी दिसावी असा आकार. म्हणून आपल्याकडे हे फूल शंकराला वाहतात आणि पुष्कळांना हे झाड पुराणकाळापासून इथलंच वाटतं. ते आहे दक्षिण अमेरिकेतलं. फळ तोफेच्या गोळ्याएवढं, तसंच गोल आणि जड. म्हणून त्याच्या अगदी खाली उभं राहून गप्पा मारू नयेत, एवढी काळजी घ्या.

आणि शेवटी मान वर करून पर्जन्यवृक्षाकडे पाहा. हाही दक्षिण अमेरिकेचाच. छत्रीसारखा एवढा पसरतो की रस्त्याच्या या बाजूचं झाड त्या बाजूला सावली देतं. दुपारी साडेचार-पाचनंतर त्याची पानं मिटायला लागतात आणि संध्याकाळी आभाळ मोकळं दिसतं. ढगाळ दिवशीही हाच प्रकार.

पाहा, पाच झाडांत आपण आफ्रिका, ब्रह्मदेश, दक्षिण अमेरिका आणि सह्याद्री हिंडून आलो. आणि आता पेंग्विनकडे वळलात तरी हरकत नाही. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन म्हणजे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे पक्षी. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन आणले, त्यातला एक त्याच वर्षी दगावला आणि मार्च २०१७ पासून लोकांना ते पाहता येऊ लागले. तेही दक्षिण अमेरिकेचे आणि कैलासपतीही दक्षिण अमेरिकेचा. एकाला जगवायला काचेची खोली आणि दिवसरात्र चालणारी थंडगार हवेची यंत्रं लागतात. दुसऱ्यानं मुंबईची हवा केव्हाच आपलीशी केली. त्याचं मागणं फक्त पायाखालच्या मोकळ्या मातीचं आहे.

माझ्या सांगण्याचा मुख्य मुद्दा या मातीचाच आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. आपल्याला लहानपणापासून वाटतं की झाड जेवढं वर असतं तेवढंच जमिनीत खोल असतं. बहुतेक झाडांच्या बाबतीत हे खरं नाही. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि ती आडवी पसरतात, कित्येकदा फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. म्हणजे आपण झाडापासून वीस-पंचवीस फूट लांब उभे असलो तरी त्याच्या मुळांवरच उभे असू शकतो. या मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. वर काँक्रीट ओतलं, लाद्या बसवल्या की दोन्ही बंद होतं. लाखो पावलांनी माती घट्ट दाबली गेली तरी तेच. बुंध्याभोवती हौसेनं ओटा बांधून आत दोन फूट भर टाकली तर झाकलेली साल कुजायला लागते. चर खणताना एक मोठं मूळ तोडलं तर झाडाची एक बाजूच उपाशी पडते. वाईट असं की झाड लगेच तक्रार करत नाही. ते तीन, पाच, कधी दहा वर्षांनी वाळतं, तोवर काम करून गेलेला ठेकेदार कोणाला आठवत नाही. आणि पावसाळ्यात ते कोसळलं की आपण म्हणतो, म्हातारं झालं होतं.

सालीचंही तसंच आहे. बुंध्याच्या आतलं लाकूड पोकळ झालं तरी झाड जगतं, कारण त्याचा जिवंत भाग सालीच्या लगेच आत, एका पातळ थरात असतो. पानांनी तयार केलेलं अन्न तिथूनच मुळांकडे जातं. आपल्या नावाची अक्षरं चाकूनं कोरणारा त्या थरावरच चाकू चालवत असतो. मुलं असं करताना दिसली तर त्यांच्यावर ओरडण्यापेक्षा हे समजावून सांगा, ती ऐकतात.

२००७ च्या सुमारास पालिकेनं बागेचा कायापालट करण्याची मोठी योजना आणली. आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय उभारायचं, नवे प्राणी आणायचे, नवी बांधकामं करायची, असा बेत होता. तेव्हा काही नागरिक आणि वनस्पतींचे अभ्यासक पुढे आले. त्यांनी विचारलं, इतक्या खोदकामात झाडांचं काय होणार? बागेतल्या झाडांच्या याद्या झाल्या, सभा झाल्या, वर्तमानपत्रांत लेख आले. ती योजना होती तशी अमलात आली नाही. पुढे टप्प्याटप्प्यानं नवे कक्ष झाले, काचेआडून प्राणी पाहण्याची सोय झाली. प्राण्यांना जुन्या अरुंद पिंजऱ्यांतून मोठी जागा मिळाली ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल दुमत नसावं. पण ‘झाड तोडणार नाही, दुसरीकडे हलवू’ असं म्हणतात तेव्हा एक गोष्ट लक्षात असावी. शंभर वर्षांचं झाड हलवायचं म्हणजे त्याची बहुतेक बारीक मुळं मागेच ठेवायची. ते रुजण्याचा भरवसा फार कमी.

तिकिटाचाही विषय आहे. २०१७ साली मोठ्या माणसाचं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेलं. आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवली. मॉलमध्ये जाणाऱ्याला हे पैसे काहीच वाटणार नाहीत. पण ज्या घरातून सहा-सात माणसं निघतात, म्हातारी आजी बरोबर असते, त्या घराला हिशेब करावा लागतो. पेंग्विन सांभाळायला खर्च येतो हे मान्य. पण नुसतं झाडाखाली बसायला आलेल्यालाही तेवढंच मोजावं लागावं का, हा प्रश्न मला पडतो. ही बाग वसली ती मोकळ्या जागेची चणचण असलेल्या शहरात, आणि तिची सर्वांत जास्त गरज ज्याच्या घराला खिडकी नाही त्याला आहे.

आता बागेत जाताना काय करावं, ते सांगून थांबतो. बुधवारी बाग बंद असते, ते आधी ध्यानात ठेवा. रविवारी आणि मे महिन्याच्या सुटीत गर्दी फार, तेव्हा शक्य असेल तर आठवड्यातला मधला दिवस निवडा आणि सकाळी तिकीटखिडकी उघडताच जा. एका फेरीत सगळं पाहायचा हट्ट धरू नका. पाच झाडं ठरवा. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, मुलांना त्या मोठ्यानं वाचायला सांगा आणि वहीत लिहून घ्यायला सांगा. फुलं, पानं, शेंगा तोडायच्या नाहीत, खाली पडलेल्या उचलायच्या. बुंध्याला हात लावून पाहायला काहीच बंदी नसावी अशा झाडांची साल बोटांनी तपासा. एक गुळगुळीत, एक खरबरीत, एक कागदासारखी सुटणारी. डोळे मिटून झाड ओळखण्याचा खेळ मुलांना फार आवडतो.

आणि मुख्य म्हणजे पुन्हा जा, वेगळ्या महिन्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये अशोक आणि उर्वशी, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि गुलमोहर, जूनमध्ये गोरखचिंचेची पालवी. वाघ बाराही महिने सारखाच दिसतो, झाड तसं दिसत नाही.

जाल तेव्हा खालीही बघा. एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्यापर्यंत लाद्या भिडलेल्या दिसल्या, मुळाशी राडारोडा टाकलेला दिसला, खिळे ठोकून पाटी लावलेली दिसली, तर झाडाची खूण आणि तारीख टिपून पालिकेच्या उद्यान खात्याला दोन ओळींचं पत्र लिहा. एका पत्रानं फरक पडत नाही असं आपल्याला वाटतं. पण एकाच झाडाबद्दल पंचवीस पत्रं गेली तर कोणाला तरी येऊन बघावं लागतं, आणि बुंध्याभोवतीच्या चार लाद्या उचलायला एक दिवस पुरतो.